उजनीकाठी शॉवर घ्यायचा तर

उजनी धरणाच्या फुगवट्याकाठची घरं बदलली. करमाळ्याच्या बाजूचं केत्तूर, वाशिंबे, कुगाव घ्या, की पलीकडचं कळाशी, पळसदेव. ऊस, केळी, डाळिंबाच्या पैशातून पत्र्याच्या जागी स्लॅब पडला आणि परसातली न्हाणी घरात आली. 1980 साली पुऱ्या झालेल्या धरणात ज्यांची घरं गेली, त्यांची नातवंडं आता टेंभुर्णी नाहीतर करमाळ्याच्या दुकानात उभी राहून शॉवर निवडतात. दुकानात दिसतो तो चकचकीतपणा. शॉवरला पाणी कुठून येतं, किती दाबानं येतं, त्यात क्षार किती आणि त्याखाली आंघोळ कोण करणार, हे मात्र घरीच बोलावं लागतं.

असं बोलणं या काठच्या घरांतून मी बरंच ऐकलं आहे. ते इथे एका काकाच्या आणि पुतणीच्या तोंडी घातलं आहे. ही दोघं कल्पित आहेत. काका फुगवट्यावर मोटार टाकून केळी आणि ऊस करणारे. पुतणी पिंपरीत नोकरीला. घराच्या बांधकामात तिचेही पैसे आहेत. भिंती उभ्या राहिल्या आहेत, फरशी बसायची आहे.

काका : उद्या मिस्त्री न्हाणीत पाइप गाडणार. मी सांगून ठेवलंय, एक गरम, एक गार, असे खाली दोन नळ काढ. विषय संपला. त्यात तू हे शॉवरचं कुठनं काढलंस?

पुतणी : नळ काढाच की. पण वर शॉवरचाही पॉइंट काढून ठेवा. एकदा फरशी बसली की पुढं फोडाफोड करावी लागते.

काका : पॉइंट निघाला की शॉवर आला. शॉवर आला की पोरं त्याच्याखाली अर्धा अर्धा तास उभी. 2024 चा उन्हाळा विसरलीस? धरण उणे साठाच्या घरात गेलं होतं. पाणी मागं हटेल तशा मोटारी पुढं सरकवत होतो. पाइपाला पाइप जोडले, पोकलेन लावून चर खणले, तेव्हा कुठं केळीला पाणी मिळालं. त्या दिवसांत न्हाणीत धबधबा सोडायचा म्हणजे मला तोंड वर काढून बोलता येणार नाही गावात.

(हे ‘उणे’ बाहेरच्या वाचकाला कळायचं नाही. उजनीत साधारण 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं. त्यातलं जवळजवळ 54 टीएमसी वापराचं, उरलेलं सुमारे 63 टीएमसी मृतसाठा. वापराचं संपलं की टक्केवारी शून्याखाली जाते. वापरापेक्षा मृतसाठा मोठा असल्यामुळं उणे साठ म्हटलं तरी धरणात पाणी दिसतं. ते आपल्या मोटारीपासून कितीतरी लांब गेलेलं असतं इतकंच. काठच्या गावात रोज सकाळी हा आकडा विचारला जातो.)

पुतणी : विसरले नाही. पण काका, शॉवर जास्त पाणी खातो हे तुम्ही मोजून सांगताय की ऐकून?

काका : मोजायचं काय त्यात? बादली भरली की माप झालं. अठरा-वीस लिटरात माझी आंघोळ होते. सरकारनं जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला रोजचं 55 लिटर धरलंय. त्यात पिणं, स्वयंपाक, धुणं, भांडी, संडास सगळं आलं. तुझा शॉवर मिनिटाला दहा-बारा लिटर ओतणार. पाच मिनिटांत एका माणसाचा दिवसभराचा कोटा मोरीत.

पुतणी : तुमची बादली एक असते, मान्य. पण धाकट्याची बघितलीत? नळ सोडून तो ब्रश करतो, बादली भरून वाहत असते, मग त्यावर दुसरी. त्याचं माप कुणी घेतं का? शॉवरचंही तसंच आहे. मिनिटाला पंधरा लिटरचेही मिळतात आणि सहा-सात लिटरचेही मिळतात. अमेरिकेत 1992 च्या कायद्यानं शॉवरला मिनिटाला साडेनऊ लिटरच्या वर जाऊ नये अशी मर्यादा घातली. आपल्याकडं भारतीय मानक ब्यूरोचं पाणी वाचवणाऱ्या नळ-शॉवरसाठीचं आयएस 17650 हे मानक आहे. खोक्यावर मिनिटाला किती लिटर ते छापलेलं असतं. नसेल तर तो शॉवर घ्यायचा नाही. सहा लिटरवाला घेतला, अंग भिजवलं, बंद केला, साबण लावला, परत सोडला. एकूण तीन मिनिटं वाहिला तर अठरा लिटर. तुमचीच बादली झाली.

काका : कागदावर झाली. साबण लावताना बंद कोण करतंय?

पुतणी : केपटाउनला 2018 साली माणशी दिवसाला 50 लिटरवर आणलं होतं. तिथं शहरच्या शहर दोन मिनिटांत शॉवर उरकायला शिकलं. आपल्या घरात चार माणसं शिकणार नाहीत?

काका : गळ्याशी आलं तेव्हा शिकले ते. आणि तुला एक सांगू? तुम्ही तिकडं पिंपरी-पुण्यात सकाळी जे पाणी अंगावर घेता, ते पवना, मुळा-मुठा, इंद्रायणीतनं भीमेला मिळतं आणि भीमा ते आमच्या दारात आणून सोडते. उन्हाळ्यात इथलं पाणी हिरवंगार होतं, जलपर्णी माजते. मासे धरणारी माणसं अंग खाजतं म्हणून सांगतात. तुमचा शॉवर आम्ही आधीच भोगतोय बाळा.

इथे पुतणी थोडा वेळ बोलली नाही, असं मी लिहितो, कारण या वाक्याला खरंच उत्तर नाही. शहराचं सांडपाणी पुरतं शुद्ध होऊन नदीत यायला हवं, ते येत नाही, आणि भार काठावरच्या गावांवर पडतो. पण काकांच्या खालीही माणसं आहेतच. आषाढीला चंद्रभागेत स्नान व्हावं म्हणून पंढरपूरला पाणी इथूनच सोडतात. सोलापूर शहरासाठी औज-टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत नदीतून पाणी जातं, आणि तरी त्या शहरात कित्येक वर्षं चार-पाच दिवसांनी नळ येत आला आहे.

पुतणी : खरं आहे काका. पिंपरीत आम्हालाही 2019 पासून दिवसाआड पाणी आहे, म्हणून तिथला शॉवर मी बदलला. आधी खाली बादली धरून मोजलं, मिनिटाला पंधरा लिटर जात होतं. आता आठ जातं. म्हणूनच म्हणते, इथंही मोजून घेऊ.

काका : मग कुठला घ्यायचा म्हणतेस? दुकानात ताटाएवढा चौकोनी होता, पावसासारखा पडणारा. पोरांची नजर त्याच्यावर आहे.

पुतणी : तो अजिबात नको.

काका : आँ? मला वाटलं तुझीही त्याच्यावरच नजर असेल.

पुतणी : आपल्या टाकीवर तो चालायचाच नाही. हिशेब बघा. स्लॅब दहा फुटांवर. टाकी स्लॅबवरच्या तीन फुटी कट्ट्यावर. शॉवर सात फुटांवर. म्हणजे टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंत सहा फूट, टाकी काठोकाठ भरली असेल तर नऊ. पाण्याचा एक बार दाब मिळायला तेहेतीस फूट उंची लागते. आपल्याला 0.2 ते 0.27 मिळणार. ताटाएवढ्या शॉवरला शे-दीडशे भोकं असतात आणि तो एक बारच्या आसपासच्या दाबासाठी केलेला असतो. आपल्या दाबावर मधल्या भोकांतनं पाणी ठिबकेल, कडेची कोरडी राहतील. दुकानात तो छान पडतो कारण मागं पंप लावलेला असतो.

काका : मग आपणही पंप लावू.

पुतणी : प्रेशर पंप लावला की वीज असेपर्यंत शॉवर, नसली की बादली. आणि त्यानं पाणीही दुपटीनं जाणार, तेच तर तुम्हाला नको होतं. त्यापेक्षा टाकी उचला. जिन्यावर जी खोली बांधताय तिच्या डोक्यावर ठेवा, आठ फूट उंची फुकटात मिळते. तिचा स्लॅब तेवढा भरलेल्या टाकीचं वजन पेलेल असा हवा. हजार लिटर म्हणजे एक टन. खाली येणारा मुख्य पाइप एक इंची ठेवा, न्हाणीत पाऊण इंची घ्या, आणि एल्बो जितके कमी तितकं बरं. शॉवर बदलून जे होत नाही ते टाकी उचलून होतं.

काका : हे मिस्त्रीनं का नाही सांगितलं?

पुतणी : तुम्ही त्याला दोन नळच सांगितले होते.

इतका वेळ दारात उभ्या असलेल्या काकू आत आल्या. घरोघरी ऐकलेल्या बोलण्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग त्यांच्या तोंडचा आहे, म्हणून तो आखडून लिहीत नाही.

काकू : तुमचं टीएमसी आणि बार झालं असेल तर मी बोलते. आत्याबाईंना, तुमच्या आईला, आंघोळ कोण घालतं? मी. बंबात जळण घालायचं, कडकडीत पाणी घंगाळात काढायचं, त्यात गार ओतून बोट बुडवून बघायचं, मग वीस लिटरची बादली उचलून न्हाणीत न्यायची. त्यांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून स्टुलावर बसवायचं. मग मी वाकून तांब्यानं पाणी घालायचं. डोक्यावर घातलं की ते डोळ्यांत, कानांत. पाठीवर घालायचं तर मागं जावं लागतं आणि तिथं जागा नाही. रोज. तुम्ही एका बादलीत आंघोळ करता ते खरं, पण ती बादली तुमच्यापुढं आणून ठेवलेली असते.

काका : मी कधी म्हटलं का आणून ठेव?

काकू : म्हणावं लागलं नाही, म्हणून तर कळलं नाही. मला भिंतीवरचा नको. दवाखान्यात होता तो पाइपाचा, हातात धरायचा, तसला पाहिजे. आत्याबाईंना बसल्या जागी पाणी घालता येईल. त्यांना बटण दाबता आलं तर त्या स्वतःच घेतील. त्यांनाही माझ्यापुढं उघडं बसायला लाज वाटते, बोलत नाहीत एवढंच.

पुतणी : त्याला हॅन्ड शॉवर म्हणतात, दुकानदार टेलिफोन शॉवर म्हणेल. काकू, मीही तोच सांगणार होते. तोंड तीन-चार इंची, भोकं कमी, म्हणून कमी दाबावरही धार बसते. आणि हात खाली धरला की उंचीचा फरक वाढतो, आजी बसलेल्या असतील तिथं आणखी चार फुटांचा दाब मिळतो.

काका : म्हणजे खाली धरला की जोर जास्त?

पुतणी : हो. भिंतीवर दोन हूक मारू. एक वर, उभं राहून आंघोळ करणाऱ्याला. एक तीन फुटांवर, आजींच्या हाताशी. शेजारी भिंतीत धरायला दांडा, आणि खाली घसरणार नाही अशी खरबरीत फरशी.

काका : ते बरं सांगितलंस. आई मागच्या पावसाळ्यात घसरली होती.

(उजनीकाठच्या घरांसाठी मला पटलेली निवड हीच. हॅन्ड शॉवर, खाली दोन फुटांवर बादलीचा नळ, आणि दोन्ही गरम-गार मिसळणाऱ्या एकाच वॉल मिक्सरवर. बादलीवाल्याची बादली राहते, आजारी माणसाची सोय होते, काठचं पाणी आटलं की शॉवर हुकावर लटकत ठेवून नळावर भागवता येतं.)

काका : आता पाण्याचं सांगतो, कारण ते तुला पिंपरीत बसून कळणार नाही. धरणाचं पाणी मोटारीनं येतं त्यात गाळ असतो. उन्हाळ्यात बोअरवर यावं लागतं, त्यात क्षार. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतो. भावकीत एकानं शॉवर बसवला, वर्षात निम्मी भोकं बुजली. पाणी सरळ खाली पडायच्या ऐवजी तिरकं भिंतीवर उडायला लागलं.

पुतणी : म्हणून भोकं रबराच्या बोंडाची घ्यायची. सिलिकॉनची मऊ बोंडं असतात, अंगठ्यानं चोळली की क्षाराची कणी निघून पडते. नुसत्या धातूला भोकं पाडलेला शॉवर आपल्याकडं नको. महिन्या-दोन महिन्यांनी शॉवरचं तोंड काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायचं.

काकू : संडासचं ॲसिड चालतं का?

पुतणी : नाही काकू, मुळीच नाही. त्यानं वरचा मुलामा जातो आणि आतलं पितळ उघडं पडतं. घासायला तारेची घासणीपण नको.

काका : आणि गाळ?

पुतणी : गाळ मिक्सरच्या आत जातो. हल्लीच्या मिक्सरमध्ये सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर फिरतात. वाळूचा कण मध्ये शिरला की ओरखडा पडतो आणि नळ ठिबकायला लागतो. टाकीतनं निघणाऱ्या पाइपला जाळीची गाळणी बसवा, खोलून धुता येईल अशी. टाकी वर्षातनं दोनदा आतनं धुवायची. हे केलं नाही तर महागातला नळही टिकणार नाही.

काका : महागातला म्हणजे कुठला? दुकानात दोन सारखेच दिसत होते, एक तिप्पट किमतीचा.

पुतणी : हातात उचलून बघा. पितळेचा जड लागतो, वर मुलामा दिलेलं प्लास्टिक हलकं. मिक्सर आणि भिंतीतून निघणारा सांधा पितळेचाच पाहिजे, तिथं पैसे घालायचे. हातातला शॉवर चांगल्या प्लास्टिकचा चालतो. हलका असला तर आजींच्या हाताला बरा. त्याचा पाइप पाच फुटांहून आखूड नको, आणि दोन्ही टोकांचे आटे पितळेचे आहेत का ते बघून घ्यायचं. बाकी भिंतीत गाडायचं महागडं काही घ्यायचं नाही.

काका : ते डायव्हर्टर का काय म्हणत होता दुकानदार? सगळं आत, बाहेर नुसती तबकडी.

पुतणी : दिसतं सुरेख. पण आठ-दहा वर्षांनी आतलं बिघडलं, तेव्हा त्या मॉडेलचा सुटा भाग मिळाला नाही तर सगळी भिंत फोडायची. आपल्या क्षारानं बिघडणारच. भिंतीच्या बाहेर बसणारा मिक्सर घ्या, दोन आटे सोडले की हातात येतो, गावातला प्लंबरही बदलून देईल.

काका : हे मला पटलं. मोटार मी कधी झाकून ठेवत नाही, त्यातलंच हे.

पुतणी : आता गरम पाण्याचं. तुम्ही सोलर म्हणत होता.

काका : उन्हाला काय तोटा आहे आपल्याकडं? जळण वाचेल, हिचा धूरपण वाचेल.

पुतणी : सोलर बसवाच. पण गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीच्या वर असायला हवी, आणि शॉवरला जाणारी गरम-गार दोन्ही पाणी त्या एकाच टाकीच्या दाबावर यायला हवीत. एक पाणी जोरात आणि दुसरं हळू आलं की मिक्सरमध्ये जोराचं पाणी हळूच्या पाइपात घुसतं. मग शॉवर कधी गार, कधी चटका देणारा. आजींच्या अंगावर चटका नको. दोन्ही पाइपांना उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह बसवायला सांगा. आणि सकाळी सोलरच्या पाइपातलं पहिलं गार पाणी येतं ना, बादलीभर तरी, ते मोरीत सोडायचं नाही. बादलीत धरायचं आणि धुण्याला घ्यायचं.

काका : बादली ठेवायचीच म्हणजे.

पुतणी : ठेवायची. आणि एक हात जोडून सांगते, गॅस गीझर बंद न्हाणीत लावू नका. कोंडलेल्या जागेत त्यातनं विषारी वायू साठतो, वास येत नाही, माणूस आंघोळ करता करता जातो. लावायचाच झाला तर बाहेर, मोकळ्या हवेत.

काका : नाही लावत. आता माझी एक अट. मोरीचं पाणी गटारात जाणार नाही. आमच्या आईच्या जुन्या न्हाणीमागं अळू आणि केळी होती, न्हाणीच्याच पाण्यावर. नव्या घरालाही तो पाइप परसात काढायचा, मध्ये वाळू-खडीचा खड्डा करून. तुझा शॉवर तीन मिनिटं चालो की पाच, ते पाणी जमिनीत गेलं पाहिजे. धरणात जे वरनं येतंय ते मी थांबवू शकत नाही, माझ्या घरातनं घाण जाऊ द्यायची नाही एवढं माझ्या हातात आहे.

पुतणी : मान्य. संडासचा पाइप तेवढा वेगळा ठेवा.

काका : ते मला शिकवू नकोस. आणि शॉवर सहा लिटरचाच. पोरांना मी स्वतः सांगणार, साबण लावताना बंद.

काकू : आधी आत्याबाईंना विचारा, हूक किती उंचीवर हवा ते. त्यांचा हात किती वर जातो हे मिस्त्रीला कसं कळणार?

वाद तिथे थांबतो, आणि थांबायलाही हवा, कारण मिस्त्री पाइप घेऊन उद्या येणार आहे. काकांचा हिशेब चूक नव्हता. पाणी बादलीनं मोजलं जातं हे ज्याच्या अंगवळणी पडलं आहे, त्याच्या हाती शॉवर धोक्याचा नाही. पुतणीनं शॉवर लावून धरला, पण त्याआधी टाकीची उंची मोजली, म्हणून तिचा सल्ला ऐकण्यासारखा झाला. तरीही निवड ठरवली ती काकूंनी. घराच्या न्हाणीबद्दल ठरवताना तिथे रोज वाकणाऱ्या बाईला विचारायचं राहून जातं, हे मला आपल्या भागातल्या बांधकामांचं मोठं उणं वाटतं.

तुमचं घर बांधकामात असेल तर दुकानात जाण्याआधी एवढं करा. टाकी भरून घ्या, शॉवर जिथे बसणार त्या उंचीच्या पाइपाखाली पंधरा लिटरची बादली धरा आणि घड्याळ लावा. बादली एका मिनिटात भरली तर पाणी भरपूर आहे, कमी लिटरचा शॉवर निवडा. अडीच-तीन मिनिटं लागली तर हॅन्ड शॉवरशिवाय दुसरं काही घेऊ नका आणि टाकी उचलता येते का ते आधी बघा. तो आकडा कागदावर लिहून दुकानदारापुढे ठेवा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या.